दादीच्या डब्यातले सात चिंचोके

भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये यंदा ज्येष्ठ महिना दोनदा छापला आहे, एक अधिक आणि एक निज. चंद्राचं वर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५ दिवसांचं. दर वर्षी पडणारं हे ११ दिवसांचं अंतर मराठी पंचांग दर तीनेक वर्षांनी एक जादा महिना घालून भरून काढतं. म्हणून दिवाळी कधी ऐन पावसाळ्यात येत नाही आणि होळी कधी दसऱ्याला भेटत नाही. आमच्या हिजरी वर्षात अधिक महिना नाही. त्यामुळे रमजान दर वर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून पुन्हा पहिल्या जागी येतो. 'तुमचा रमजान दर वर्षी वेगळ्या महिन्यात कसा हो?' असं कॉलेजातले सहकारी विचारतात, त्याचं उत्तर एवढंच आहे.

या हिशेबानं माणसाला एका ऋतूतला रमजान आयुष्यात दोनदा, फार तर तीनदा भेटतो. आमच्या दादीला, म्हणजे वडिलांच्या आईला, हे गणित पाठ होतं. अक्षरओळख नसलेली ही बाई तीन कॅलेंडरं सांभाळायची. शेतीसाठी चैत्र-वैशाख, नमाज-रोज्यासाठी शाबान-रमजान, आणि एसटीच्या व सौदीतून येणाऱ्या पैशांच्या तारखांसाठी इंग्रजी महिने. 'आंब्यातला रमजान', 'भातकापणीतला रमजान', 'थंडीतला रमजान' अशी तिची नावं होती. माझ्या वाट्याला तिचा आंब्यातला रमजान आला आणि थंडी सरतानाचा एक. ती गेली त्याला ३० वर्षं उलटून गेली. पण दर रमजानमध्ये सहरीला उठलं की पहिली आठवण तिचीच येते, आणि त्या आठवणीला रस्त्याची धूळ आणि डिझेलचा वास असतो, कारण ती आम्हाला भेटली ती प्रवासातच.

आम्ही मालाडला राहायचो, मालवणीत. चाळवजा वस्तीत प्रत्येकाला एक 'गाव' होतं. शेजारचे सावंतवाडीकडचे गणपतीला गावी जायचे, समोरचे उत्तर प्रदेशातले लग्नसराईत, आणि आम्ही मे महिन्याच्या सुट्टीत. आमचं गाव रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळ. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता. दादीचा जन्म नवाबाच्या राजवटीतला, एवढंच तिला माहीत. तारीख, साल काही नाही.

१९८६ चा रमजान मेच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाला होता. मी नऊ वर्षांची. अब्बा सौदीत, त्यामुळे अम्मी, मी आणि दोन धाकटे भाऊ. मालवणीतून बेस्टच्या बसनं मालाड स्टेशन, तिथून स्लो लोकलनं मुंबई सेंट्रल, आणि रस्ता ओलांडला की एसटीचा डेपो. पत्र्याची ट्रंक एसटीच्या टपावर चढायची. तिच्यात दादीसाठी साडी, खजूर, शेवया आणि ईदचे कपडे. वाशीचा पूल आला की खाडीचा वारा लागायचा. १९७३ मध्ये हा पूल झाला नव्हता तोवर ठाण्यावरून वळसा घालून जावं लागे, हे अम्मी दर वेळी सांगायची. पुढे पनवेल, मग कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका, पेण, वडखळ नाका, नागोठणं, कोलाड. माणगावला एसटी हायवे सोडून उजवीकडे वळायची. मोर्बा, साई मागे टाकून घोणसे घाट सुरू झाला की धाकट्याला उलटी व्हायचीच. घाट उतरल्यावर म्हसळ्याचा स्टँड, आणि स्टँडवर डोक्यावरून पदर घेतलेली दादी. ती सकाळपासून बसलेली असायची. 'यवडा उशीर?' एवढंच म्हणून ती धाकट्याला कडेवर घ्यायची.

तिच्याशी बोलणं हा माझ्यासाठी पहिले दोन दिवस अभ्यास असायचा. घरी आम्ही मुंबईची उर्दू-हिंदी बोलायचो, शाळेत पुस्तकी मराठी. दादी फक्त कोकणी बोलायची, म्हणजे कोकणातल्या मुसलमानांची ती बोली, जी मराठीचीच बहीण आहे. मुंबईतल्या काही नातेवाईकांना ती बोली चार लोकांत नकोशी वाटे. दादीला त्याचं काही नव्हतं. नमाजेतली अरबी ती अडखळत का होईना म्हणायची, पण सलाम फिरवून हात वर केले की दुआ मात्र स्वच्छ कोकणीत. पाऊस, भात, सौदीतला मुलगा, शेजारणीची म्हैस, सगळं त्यात यायचं. देवाला आपली बोली कळते, याबद्दल तिच्या मनात कधी शंका आली नसावी. मी पुढे मराठी शिकवायला लागले, घरात उर्दू वाचत राहिले. या दोन भाषांना जोडणारा साकव दादीच्या त्या दुआंमध्ये होता, हे सांगताना मला आजही बरं वाटतं.

त्या मेमध्ये सहरीला तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं तिखट असायचं, इफ्तारला खजूर, रातांब्याचं सरबत, पिकल्या आंब्याच्या फोडी आणि एखाद्या दिवशी नारळाच्या दुधातली सांदणं. घरात 'निडो' दुधाच्या पावडरीचे पिवळे डबे ओळीनं मांडलेले असत. कोकणातल्या ज्या घरातला माणूस आखातात, त्या घरात हे डबे ठरलेलेच. कशात डाळ, कशात मीठ, कशात सुकट. त्यातला सगळ्यात लहान डबा तांदळाच्या कणगीमागे असायचा. तो हलवला की आत काहीतरी खुळखुळायचं. आम्हाला वाटायचं पैसे आहेत.

त्यात चिंचोके होते. ते कशाचे, हे मला एका प्रवासात कळलं.

दादीची बहीण मुरूडला असायची. रमजान निम्मा झाल्यावर दादी आम्हा तिघांना घेऊन तिच्याकडे निघाली. म्हसळ्याहून दिघीपर्यंत एसटी, तिथून लाँचनं राजपुरीची खाडी ओलांडायची. मला लाँचमधून दिसणाऱ्या जंजिऱ्याचं वेड होतं. चहूबाजूंनी पाणी आणि मधोमध काळी तटबंदी. उन्हानं डोळे दिपत होते. लाँचची वाट बघताना धक्क्याजवळच्या टपरीसमोर दादीनं पिशवीतून बाटली काढली, आम्हाला पाणी दिलं आणि उरलेलं स्वतः पदराआडून प्यायली. बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं हटकलं, 'काय आपा, रमजान हाय ना?' दादी शांतपणे म्हणाली, 'मी मुसाफिर हाय. माजा हिशेब माज्या डब्यात हाय.'

इथे वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आजारी माणूस आणि प्रवासी यांना रमजानमध्ये रोजा न ठेवण्याची सवलत कुरआननंच दिली आहे. सूरह बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतींत ती येते. अट एवढीच की जितके रोजे सुटले तितके नंतर दुसऱ्या दिवसांत भरून द्यायचे. याला 'कझा' म्हणतात. फिकहच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या, जुन्या मोजणीप्रमाणे साधारण ८० किलोमीटरच्या पुढचा प्रवास असेल तर माणूस मुसाफिर ठरतो. दिघी-मुरूड तेवढं लांब भरतं की नाही, हा प्रश्न पुढे मी मोठी झाल्यावर मला पडला. पण तीन लहान पोरं, एसटी, लाँच आणि मेचं ऊन अंगावर घेणाऱ्या साठीकडे झुकलेल्या बाईला मापट्यानं मोजायचं कोणी? ती स्वतः म्हणायची, 'उपाशी म्हातारी पोरांवर चिडते. अल्लानं सूट दिली ती घ्यावी. पन उधार ती उधार.'

घरी परतल्यावर तिनं कणगीमागचा डबा काढला, चिंचेच्या टोपलीतून दोन चिंचोके निवडून त्यात टाकले. जायचा एक, यायचा एक. रोजा सुटला की चिंचोका डब्यात जायचा आणि कझा रोजा ठेवला की एक चिंचोका अंगणात फेकायचा, अशी तिची पद्धत होती. तरुणपणापासूनची. बायकांना मासिक पाळीत आणि बाळंतपणात रोजा नसतो, ते दिवस नंतर भरावे लागतात, म्हणून असा हिशेब ठेवायची सवय आमच्या घरोघरी बायकांनाच जास्त. कोणी भिंतीवर कोळशाच्या रेघा मारतं, कोणी डायरीत लिहितं. दादीकडे चिंच भरपूर होती. फेडायचं थंडीत, हेही ठरलेलं. मेमध्ये सुटलेला रोजा डिसेंबरात ठेवला तर दिवस दोन तासांहून जास्त लहान मिळतो आणि तहान लागत नाही. 'उधार उन्हाळ्यात घ्यायची, थंडीत फेडायची,' असं ती हसून म्हणायची.

वर्षं गेली. रमजान मेमधून एप्रिल, मार्च करत मागे येत राहिला. १९९५ मध्ये तो फेब्रुवारीच्या सुरुवातीला लागला आणि मी बारावीला होते. परीक्षा तोंडावर आलेली, अब्बा सौदीत, आणि अम्मी न्हाणीघरात घसरून पाय मोडून प्लास्टरमध्ये. घरात दोन भाऊ, दोघेही जेवायच्या वयाचे आणि रांधण्यात शून्य. नातेवाईकांचं एकमत होत आलं होतं की मुलीनं यंदा घर बघावं, परीक्षा काय, पुढच्या वर्षीही देता येते. म्हसळ्यात एका दुकानात फोन होता, तिथे कोणीतरी निरोप ठेवला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी इफ्तारच्या जरा आधी दादी दारात उभी. गावच्या एका कुटुंबाबरोबर एसटीनं मुंबईपर्यंत आलेली, हातात कापडी पिशवी, पिशवीत तांदूळ, कोकम आणि सुकट. आत येऊन तिनं आधी अम्मीच्या प्लास्टरवरून हात फिरवला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, 'परीक्षा तुजी, चूल माजी.'

तो महिना मी विसरू शकत नाही. पहाटे साडेचारला ती उठायची. सहरी झाली, फजरची नमाज झाली की मला पुस्तक घेऊन बसवायची आणि स्वतः शेजारी तस्बीह ओढत बसायची. मी पेंगले की कोपरानं ढोसायची. पुस्तकात काय आहे ते तिला कळत नव्हतं, पण जाडी कळत होती. 'किती पानं ऱ्हायली?' हा रोजचा प्रश्न. मी आकडा सांगायची, ती मान हलवायची. कालच्यापेक्षा आकडा कमी आला नाही तर भुवया चढायच्या. दिवसभर स्टोव्ह, नळाचं पाणी, भावांची भांडणं, अम्मीला उठवणं-बसवणं. गावात मोकळ्या अंगणात वावरलेल्या बाईला दहा बाय बाराची खोली सोसवेना. रमजान निम्मा होता होता तिला ताप भरला. डॉक्टरांनी औषधं दिली आणि रोजे ठेवायचे नाहीत असं बजावलं. ती त्यांच्यावर चिडली, पण गोळ्या घेतल्या. सहा दिवस रोजे सुटले. अंगात ताप असतानाही भाकऱ्या मात्र थापायची, कारण अम्मीला उठता येत नव्हतं. गावाहून आली त्या प्रवासाचा एक धरून हिशेब सात झाला. 'थंडीत फेडीन,' ती म्हणाली.

मार्चच्या सुरुवातीला ईद झाली, अम्मीचं प्लास्टर निघालं, माझे पेपर झाले आणि दादी गावी परतली. जूनमध्ये निकाल लागला. मी पेढे घेऊन भर पावसात एसटीनं म्हसळ्याला गेले. घोणसे घाटात समोरचं दिसत नव्हतं. दादीनं गुणपत्रिका हातात घेतली, उलटसुलट केली, कागद बोटांनी चाचपला आणि तिच्या पद्धतीनं विचारलं, 'आता किती पानं ऱ्हायली?' मी म्हटलं, 'अजून पाच वर्षांची.' ती म्हणाली, 'मंग ऱ्हा.' ती आमची शेवटची भेट. ऑगस्टमध्ये ती गेली. थंडी तिच्या वाट्याला आलीच नाही.

चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास फुफीनं, माझ्या आत्यानं, कणगी साफ करताना तो डबा काढला. आत सात चिंचोके होते. फुफीनं ते ताटलीत ओतले तेव्हा खोलीत कोणी बोललं नाही. ते सात कशाचे, हे त्या घरात मला आणि अम्मीलाच नेमकं माहीत होतं.

मेलेल्या माणसाच्या राहिलेल्या रोज्यांचं काय करायचं, यावर वेगवेगळ्या मझहबांची मतं वेगळी आहेत. उत्तर भारतातले बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी आहेत. त्यांच्यात दर रोज्यामागे गरिबाला अन्न देतात, त्याला फिदिया म्हणतात. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. अरबस्तानाशी समुद्रमार्गे चाललेल्या जुन्या व्यापारातून हा मझहब कोकणच्या आणि मलबारच्या किनाऱ्यावर रुजला. शाफई मताप्रमाणे अन्नदान करता येतंच, शिवाय मृताचे नातेवाईक त्याच्या वतीनं रोजेही ठेवू शकतात. गावच्या मौलवींनी दोन्ही मार्ग सांगितले. अन्नाचं माप एका रोज्यामागे एक मुद, म्हणजे अर्धा ते पाऊण किलो धान्य. सौदीहून अब्बांचा फोन आला. ते म्हणाले, तांदूळही द्या आणि रोजेही ठेवा. मग वाटणी झाली. दोन अब्बांचे, दोन फुफीचे, एक चाचांचा, एक अम्मीचा. सातवा मी मागून घेतला.

दादीचाच नियम पाळून मी तो डिसेंबरात ठेवला, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसांपैकी एका दिवशी. रमजान नसताना ठेवलेला रोजा एकटा असतो. पहाटे आजूबाजूच्या खिडक्यांत दिवे नाहीत, मशिदीतून सहरीची हाक नाही, संध्याकाळी मालवणीच्या रस्त्यावर भजी-फिरनीच्या गाड्या नाहीत. मी कॉलेजला गेले. कँटीनमध्ये मैत्रिणीनं वडापाव पुढे केला. उपास आहे म्हटल्यावर ती म्हणाली, 'आज कसला? गुरुवार पण नाही.' मी म्हटलं, 'दादीचा.' आणि सगळं सांगितलं. तिनं वडापाव परत कागदात गुंडाळला. म्हणाली, 'आमच्या आजीनं बोललेला एक नवस राहून गेला होता. ती गेल्यावर बाबांनी जाऊन फेडला.' नवस आणि कझा रोजा या वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. पण गेलेल्या माणसाच्या नावावर देणं ठेवू नये, हे दोन्ही घरांत सारखंच शिकवलेलं होतं. त्या दिवशी ती माझ्याबरोबर लोकलनं घरी आली आणि सहाच्या सुमारास अम्मीनं दिलेल्या खजुरानं तिनंही माझ्याबरोबर रोजा सोडला, न ठेवलेला.

गावचा रस्ता आता पुष्कळ बदलला. राष्ट्रीय महामार्ग १७ चा ६६ झाला. २०११ मध्ये सुरू झालेलं रुंदीकरण कोकणात जाणाऱ्या सगळ्यांच्या, गणपतीवाल्यांच्या आणि ईदवाल्यांच्या, बोलण्याचा एकच विषय होऊन बसलं. २०१९ मध्ये रमजान पुन्हा मेमध्ये आला तेव्हा मी मुलांना घेऊन गाडीनं गावी गेले. कर्नाळ्याचा सुळका त्यांना दाखवला, घाटात धाकट्याला उलटी झाली. दादीचं घर आता फुफीच सांभाळते. आम्ही त्याच अंगणात रातांब्याच्या सरबतावर इफ्तार केला. दादीचा आंब्यातला रमजान मला दुसऱ्यांदा मिळाला, तिच्याशिवाय. तिसऱ्यांदा तो २०५२ च्या आसपास येईल. तेव्हा मी पंचाहत्तरीची असेन.

सध्या मात्र रमजान पुन्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे, म्हणजे बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत. आमच्या कॉलेजातल्या कितीतरी मुली पहाटे सहरी करून, पुस्तक चाळून, रोज्यानं पेपरला येतात. त्यांना मी विचारते, घरी स्वयंपाक कोण करतंय? बहुतेकींचं उत्तर 'अम्मी' असतं, काहींचं 'नानी आली आहे गावाहून'. एक-दोघी मान खाली घालून 'मीच' म्हणतात. त्या एक-दोघींच्या घरी मी फोन करते. एक महिना मुलीच्या हातात पुस्तक राहू द्या, बाकीच्यांनी चूल वाटून घ्या, एवढंच बोलते. मालाडमध्ये हे बहुतेक घरांत ऐकलं जातं, असा माझा अनुभव आहे.

फुफी आता सत्तरीपुढची आहे. मधुमेहामुळे तिला रोजे झेपत नाहीत, डॉक्टरांनी कायमचे बंद केलेत. असा माणूस पुढेही भरून देऊ शकणार नसतो, म्हणून त्यानं दर रोज्यामागे फिदिया द्यायचा असतो. कणगीमागचा तो लहान पिवळा डबा तिच्याकडेच आहे, पत्रा गंजलेला, झाकण सैल. रमजान लागला की ती त्यात ३० चिंचोके मोजून टाकते. गावातल्या कोणाकडे तांदळाची पिशवी पोचली की एक बाहेर काढते. ईदच्या आदल्या रात्रीपर्यंत डबा रिकामा झाला पाहिजे, असा तिचा दंडक आहे. परवा फोनवर तिनं सांगितलं, अकरा राहिलेत. येत्या रविवारी मी एसटीनं निघते आहे, अकरा रोज्यांचा तांदूळ माणगावच्या बाजारातून घेऊन जाईन.